पापडीच्या शेंगेतले दाणे

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, औषधांची यादी, दिवाळीच्या आवराआवरीत कोणता माळा कोणत्या रविवारी काढायचा याची यादी. नोकरीही तशीच. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं स्टोअर्स सांभाळते: माल आला, माल गेला, माल शिल्लक. त्यामुळे वाचलेल्याची यादीही माझ्याकडे असते आणि दिवाळी आली की ती काढून बसायची मला सवय आहे. बहुतेक वर्षांच्या याद्या वाचताना काही आठवत नाही. वाचलं, आवडलं, संपलं. एका वर्षाची यादी मात्र अजून माझ्या कानात आहे. त्या वर्षी मी मनातल्या मनात काही वाचलंच नाही. जे वाचलं ते मोठ्याने वाचलं, सासूबाईंसाठी.

आधी आमच्या मंडळाचं सांगायला हवं. बडोद्यातली आणि आसपासची काही मराठी घरं मिळून आम्ही दिवाळी अंक फिरवतो. प्रत्येक घराने तीन-चार अंक विकत घ्यायचे, एकेक अंक आठवडाभर वाचायचा आणि रविवारी पुढच्या घरी पोचवायचा. असे फिरत फिरत सगळे अंक सगळ्यांचे वाचून होईतो पुढचा दसरा येतो. पूर्वी घरं पुष्कळ होती. आता मुलांनी काही वाचलंच तर ते गुजराती नाहीतर इंग्रजी असतं, काही घरं पुण्याला गेली, आणि आम्ही थोडेच उरलो. फेरीचं वेळापत्रक आधी सासूबाई करायच्या. पुढे ते माझ्याकडे आलं. उशीर करणाऱ्याला मी सोमवारी सकाळी फोन करते.

मंडळाची एक रीत आहे. अंक वाचून झाला की अनुक्रमणिकेत आवडलेल्या मजकुराशी पेन्सिलीने आपल्या घराची खूण करायची. अकोट्याचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले; त्यांची खूण बाण. पादऱ्याच्या बाई, म्हणजे बडोद्याजवळच्या पादरा गावच्या, शाळेत शिकवायच्या. त्या चांदणी काढतात. आमची खूण पापडीची शेंग, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची. शेंगेत एक दाणा म्हणजे ठीक, दोन म्हणजे छान, तीन म्हणजे बाकी सगळं सोडून आधी हे वाचा. सासूबाईंचा तिसरा दाणा सहजासहजी पडत नसे. त्यामुळे आमच्याकडून गेलेल्या अंकात लोक आधी शेंगा शोधायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंचे डोळे गेले. गेले म्हणजे तसे नाही. डोळ्यांच्या पडद्याचा विकार, डॉक्टर म्हणाले. कडेकडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. त्या घरात बिनदिक्कत वावरायच्या, आमटीला फोडणी द्यायच्या, दारात कोण आलं ते अंगकाठीवरून ओळखायच्या. पण अक्षराकडे बघितलं की नेमकं ते अक्षरच नाहीसं व्हायचं. बाहेरच्या कुणाला पत्ता लागला नसता, आणि लागू नये अशीच त्यांची इच्छा होती.

"मंडळात बोलायचं नाही," त्यांनी मला बजावलं.

"का हो आई? आपलीच तर माणसं."

"आपलीच आहेत म्हणूनच."

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. काही वर्षांपूर्वी मंडळातल्या एका आजोबांची नजर गेली होती. सगळ्यांनी प्रेमानेच त्यांचं घर फेरीतून काढलं. उगाच ओझं नको, वाचता येत नाही त्याचं दुःख नको. पुढे ते वारले. आम्ही दोघी भेटायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "रविवार आला की दाराशी खुर्ची टाकून बसायचे हो."

तेव्हा ठरलं: मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, दाणे त्यांनी सांगायचे, शेंग मी काढायची.

मी कामावरून आले की चहा व्हायचा आणि आम्ही तरसालीच्या आमच्या घराच्या मागच्या ओट्यावर बसायचो. समोर धुणं वाळत असायचं. पहिले काही दिवस मी बातम्या द्याव्यात तशी वाचत होते. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तो मेला की जेवायला बसला? दोन्ही एकाच सुरात सांगतेस." मग मी जरा सुधारले. पण एक सवय सुटली नाही. मी मुळात भरभर वाचणारी. गोष्टीत संध्याकाळचं आभाळ, झाडं, डोंगर असं काही सुरू झालं की माझी नजर आपोआप खाली घसरते आणि जिथे माणूस पुन्हा बोलायला लागतो तिथे थांबते. स्वतःसाठी वाचताना तशीच घसरायची, मोठ्याने वाचतानाही तशीच घसरली. आठवड्यात अंक संपवायचा होता, पोळ्या व्हायच्या होत्या. मला त्यात काही गाळल्यासारखं वाटलंही नाही.

त्या वर्षी आम्हाला काय काय आवडलं ते सांगते. पितळी भांड्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत लहानपण गेलेल्या एका बाईंची आठवण होती. ठोक्यांचा आवाज थांबला की त्या तान्ह्या असताना रडायला लागायच्या म्हणे. सासूबाईंनी ऐकता ऐकताच तीन बोटं वर केली. लग्नात जेवण कमी पडल्यावर आचाऱ्याने काय युक्त्या केल्या त्यावर एक विनोदी लेख होता. तो आम्ही दोनदा वाचला, दुसऱ्यांदा माझ्या नवऱ्यालाही बसवून. एका खानावळवालीवरच्या लेखावरून मात्र आमचं वाजलं. रोजची कणीक, भाजीचा भाव, कोणतं गिऱ्हाईक किती पोळ्या खातं, सगळं तपशीलवार. मला तो फारच आवडला.

"एक दाणा," सासूबाई म्हणाल्या.

"एकच? अहो, केवढी व्यवस्थित बाई आहे ती!"

"ती आहे. लेख नाही. तुझी शेंग असती तर तू हवे तेवढे दाणे भरले असतेस."

श्रावणात एका संध्याकाळी पादऱ्याच्या बाईंचा फोन आला. बाईंचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायला शिकलेला. सासूबाईंनी रिसीव्हर कानाला लावला तरी मला शेजारी सगळं ऐकू येत होतं.

"केम छो ताई?"

"मजामां. बोला."

"भांडायला फोन केलाय. अहो, त्या नावेच्या गोष्टीला एकच दाणा? मी तर चांदणी दोनदा गिरवली! ती नदी वाचून तुमच्या डोळ्यांत पाणी नाही आलं?"

सासूबाई म्हणाल्या, "कुठली नदी?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. त्या सांभाळून म्हणाल्या, "नाही, तब्येत बरी आहे ना?" सासूबाई म्हणाल्या, बरी आहे, इकडचं तिकडचं काही बोलल्या, "आवजो" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे तोंड वळवलं.

"त्या गोष्टीत नदी होती?"

"नाव आहे म्हणजे नदी असणारच की, आई."

"किती होती?"

"असेल दीडेक पान."

त्या काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "अंक तर गेला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परस्पर पादऱ्याची बस धरली. बाई घरी नव्हत्या, त्यांच्या यजमानांकडून अंक दोन दिवसांसाठी मागून आणला. वेळापत्रक मोडून अंक उलटा मागे आणण्याची मंडळात ही पहिलीच वेळ असेल, आणि तीही माझ्या हातून. ओट्यावर बसून मी ती गोष्ट पहिल्यापासून वाचली. माहेरी निघालेली बाई नावेची वाट बघत काठावर बसलेली असते. नाव येते, आणि ती उठून परत सासरी जाते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ही का परत गेली ते मला कळलं नव्हतं आणि सासूबाईंनाही नाही, म्हणून तर एक दाणा. कारण सगळं त्या दीड पानात होतं. पाणी कसं चढतंय, पलीकडचा काठ हळूहळू कसा ओळखू येईनासा होतो, आपल्या गावाचं झाड कुठलं तेच तिला सांगता येत नाही. मला वाचताना दोनदा थांबावं लागलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. दाणे सांगितले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. आता बदललं तर अजून कळेल त्यांना."

नावेबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत, पण काळजी लागली होती. नवरात्रातल्या गरब्याने अख्ख्या गावाचे पाय दुखत असतात त्या सुमाराला आमच्या मंडळाची बैठक होते. नवे अंक कोणते घ्यायचे, कोण राहणार, कोण सोडणार ते तिथे ठरतं. त्या वर्षी ती आमच्याकडे होती. सासूबाई मला अधूनमधून विचारायच्या, "बाई येणार आहेत ना?" येणार होत्या. "काही बोलल्या?" नव्हत्या. एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, "फेरीतून माझं नाव काढलं तर तुझं तरी ठेवतील का गं? तू चांगली वाचतेस."

बैठकीला सगळे जमले. ढोकळा झाला, चहा झाला. अकोट्याच्या काकांनी चष्मा पुसून वहीत घरं लिहायला घेतली. पादऱ्याच्या बाई आमच्याकडे बघत नव्हत्या, आणि त्या कधीच कुणाकडे न बघता राहत नाहीत. काकांनी आमच्या घराचं नाव घेतलं तशा सासूबाई म्हणाल्या, "थांबा. मला वर्षभर दिसत नाहीये. सून वाचते, मी ऐकते. त्याला वाचणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मी ताटल्या गोळा करायला लागले.

काका म्हणाले, "वर्षभर? आणि शेंगा?"

"दाणे माझे. चित्र हिचं."

"तरीच म्हटलं शेंगा एवढ्या सरळ कशा," काका म्हणाले. "तुमच्या वाकड्या असायच्या."

कुणीतरी हसलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टर कोणता, ऑपरेशन होत नाही का. त्यातच एक वहिनी मायेने म्हणाल्या, "मग काकूंचं घर शेवटी ठेवू या. सगळ्यांचं झाल्यावर निवांत ऐकतील, घाई नको."

"शेवटी नको!" सासूबाई जवळजवळ ओरडल्या. "शेवटी येईपर्यंत फोनवर सगळे मला गोष्टी सांगून टाकतात."

पादऱ्याच्या बाईंनी आता आमच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाचायला वेळ लागतो. ह्यांना आठवडा पुरायचा नाही. त्यात सूनबाई नोकरी करून वाचतात, नदीबिदी सुटणारच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वेळापत्रक माझं. एक दिवस वाढवून मागणाऱ्यालाही मी आजवर नाही म्हणत आले होते. मी काकांच्या हातून वही घेतली, आमचं घर सगळ्यात वर लिहिलं आणि पुढे लिहिलं: पंधरा दिवस. कुणी हरकत घेतली नाही. काका फक्त म्हणाले, "बघा हं, आता आम्हाला सोमवारी फोन करताना जरा गोड बोला."

लोक गेले. बाईंच्या बसला अवकाश होता म्हणून त्या थांबल्या. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. बाहेर बाईंनी टेबलावरचा एक अंक उचलला आणि सासूबाईंना वाचून दाखवायला सुरुवात केली. सुरेख वाचत होत्या. प्रत्येक शब्द सुटा, स्वल्पविरामाला थांबा, पूर्णविरामाला मोठा थांबा, संवादांत आवाज बदलून. मी नळ बंद करून ऐकत राहिले. मला तसं कधीच जमणार नाही.

पान उलटलं असेल नसेल, सासूबाई म्हणाल्या, "बाई, राग मानू नका हं."

"काय झालं ताई?"

"छान वाचता तुम्ही. पण ठेवा ते. हिला सांगा येऊन बस म्हणावं. भांडी काय, नंतर होतील."

मी हात पुसत बाहेर गेले. बाईंनी अंक माझ्या हातात दिला, बोटाने ओळ दाखवली आणि स्वतः पाय वर घेऊन सासूबाईंशेजारी ऐकायला बसल्या.