पावण्यांच्या हातातला खराटा

"कुणी दिला खराटा पावण्यांच्या हातात? लाजा न्हाईत व्हय रं तुमाला?"

आवाज असा, की जोतिबाच्या डोंगरावरची कबुतरं उडाली असणार. ओरडत होती अनाथाश्रमातली सगळ्यांत मोठी मुलगी, वय बारा. ओरडणं धाकट्या पोरांवर होतं. खराटा एका परदेशी बाईच्या हातात होता. बाई कुठल्याशा थंड देशातून, आश्रमातल्या मुलांची सेवा करायला म्हणून तीन महिने आली होती आणि आल्या आल्या अंगण झाडायला लागली होती. पोरीनं खराटा काढून घेतला आणि एकदम देवळात बोलावं तसं म्हणाली, "तुम्ही बसा, पावणं. मी झाडतो की."

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी कागलच्या एमआयडीसीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी आश्रमात गणित शिकवायला जायचो. इंग्रजी येणारा मी एकटाच, म्हणून दुभाष्याही मीच. माझं इंग्रजी आधी ऐकलं असतं, तर इंग्रज पन्नास वर्षं लवकर देश सोडून गेले असते.

बाईनं भांड्यांना हात लावावा, तर भांडी गायब. धाकट्यांना अंघोळ घालायला जावं, तर ती आधीच न्हाऊन, तेल चोपडून बसलेली. वर रोज संध्याकाळी म्हशीच्या दुधाचा पेला. पहिल्या पंधरवड्यातच तिच्या पोटात गेलेल्या दुधानं राधानगरीचं धरण निम्मं तरी भरलं असतं.

मला आधी हसू यायचं. मग हळूहळू उमगलं. आश्रमात माणसं येत नव्हती असं नाही. वाढदिवसाला केळी घेऊन यायची. पोरं रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणायची, केळं घ्यायची, आणि तासाभरात गाडी फाटकाबाहेर. ती सगळी देणारी माणसं. गावात गरिबातल्या गरिबाघरीही पावणं मुक्कामाला येतं, नको नको म्हणत भाकरी वाढून घेतं. या पोरांच्या दारात पिशवी घेऊन मुक्कामाला आलेलं हे पहिलंच माणूस. त्याच्या हातात खराटा कसा देतील?

पण बाईचे डोळे भरून आले होते. मला म्हणाली, "इथं माझा काही उपयोग नाही. शनिवारी मी दुसऱ्या संस्थेत जाते."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोरीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"कामं करू दिली तर राहत्यात?"

"व्हय."

"पावण्याला कामाला लावायचं म्हंजे आपली शोभा की, दादा."

"मग जाऊ दे तिला."

ती मान खाली घालून निवडत राहिली. पण खडे ताटातच राहत होते आणि चांगले तांदूळ बाहेर पडत होते.

पुढच्या सुट्टीला गेलो तो बाई गेली असणार असं धरूनच. फाटकातच आवाज कानावर आला. पोर नळापाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"अक्का, ह्ये काय घासलंस? तळाला करपलेलं तसंच हाय! डोळं कुठं ठेवल्यास? घास परत!"

समोर परदेशी बाई उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत राख, आणि पुढ्यात हत्ती शिजेल एवढं पातेलं. तिनं घाबरून मला विचारलं, "काय म्हणतेय ही?"

मी इंग्रजीत सांगितलं, "राहा म्हणतेय."

बाई नाकाला राख लावून हसली आणि पुन्हा घासायला लागली. मी पोरीला बाजूला घेतलं. "अगं, किती लांबनं आलीय ती. जरा हळू बोलावं."

"हळू पावण्याशी बोलत्यात," ती म्हणाली, आणि पुढचं पातेलं आणायला आत गेली.