सरूबाईचा उशीर

“गप गं, बाई घड्याळ बघायल्यात,” काशीबाई पुटपुटली आणि पोखर्णीच्या शिवणवर्गातलं हसणं एकदम थांबलं. उरली यंत्रांची खडखड आणि कोऱ्या खाकी कापडाचा उग्र दर्प. मी मान वर केली नाही. त्या हसण्यात मलाही सामील व्हायचं होतं, हे त्यांना कसं कळावं?

परभणीहून रोज बसनं जाऊन मी त्या आठजणींना शाळेचे गणवेश शिवण्याच्या कामातलं वेळेचं नियोजन शिकवत असे. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मराठीत एखादा शब्द चुकेल या धास्तीनं मी बोलणंच टाळायची. म्हणून भिंतीवर तक्ता लावला. बोलण्यापेक्षा तक्ता किती सोपा! त्याच्याआड उभं राहिलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. दहाला हजेरी, उशीर झाला की तांबडी फुली. शेवटी कायमच्या कामासाठी पाचजणी निवडायच्या होत्या. ज्यांच्या फुल्या कमी त्यांनाच घ्यायचं, हा नियम माझाच.

सरूबाई रोज बाराला यायची. पायाच्या बोटांत काळी ओली माती, नखांत गवताचा हिरवा डाग. पण हात धुऊन यंत्रावर बसली की तिची शिवण अशी सरळ धावे की पाहत राहावं! हे काम मिळालं तर पोरीला परभणीच्या शाळेत घालायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी फुली मारू लागले की म्हणायची, “मारा बाई, झालाच हाय उशीर.”

शेवटच्या दिवशी तालुक्याच्या साहेबांसमोर मी यादी वाचली. सरूबाईचं नाव तीत नव्हतं. ती खाली बघत राहिली. उठली ती काशीबाई. “आवो बाई, आमी दहाला येत होतो ते हिच्या जिवावर! सावड हाय आमची. सकाळी ही आमच्या रानात खुरपायची, आज एकीच्या, उद्या दुसरीच्या. हात लय चपळ हाय तिचा. वर्ग सुटला की आमी समद्या तिच्या रानात. पावसाळ्यातलं तण थांबतंय व्हय तुमच्या तक्त्यासाठी?” आधी का सांगितलं नाही, असं मी कसंबसं विचारलं. “तुमी कुठं इचारलं?”

माझ्या तक्त्यात प्रत्येकीचा वेळ वेगळ्या चौकटीत होता. या बायकांनी तो एकमेकींत वाटून घेतला होता, आणि वाटून घेतल्यानं तो वाढलाही होता. वेळेचं नियोजन याहून निराळं काय असतं? ते शिकवायला मी गेले होते! यादी अजून माझ्याच हातात होती, पेनही होतं. पण साहेबांसमोर स्वतःचाच नियम खोडायचा, तोही अडखळत्या मराठीत! मी कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हाती दिली.

महिन्याभरानं मी आपणहून पुन्हा पोखर्णीला गेले. सरूबाई कापसाच्या ओळीत खुरपत होती. “या बाई, बसा,” म्हणत तिनं पदरानं बांधावरची माती झटकली. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरून मी उभीच राहिले. मग म्हणाले, “सरूबाई, तुम्हाला उशीर का होतो, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. तरी मी यादी बदलली नाही.”