दाब, सोड, दाब, सोड

मंडळी, अजून छातीत धडधडतंय, म्हणून लिहून टाकतो.

आज सकाळी मुलीच्या नव्या मोटरसायकलवर मागे बसून सौंसरहून बोरगावला निघालो होतो. उद्यापासून ती कॉलेजला एकटी जाणार. वळणावर संत्र्यांची ट्रॉली एकदम आडवी आली. मुलीने ब्रेक दाबला आणि माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर थापा मारू लागला : दाब, सोड, दाब, सोड.

मोहगावच्या रस्त्यावर बाबांनी मला असंच शिकवलं होतं. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ते मागे बसून खांद्यावर ताल धरायचे. त्यांच्या हाताला संत्र्याच्या सालीचा वास असायचा.

मुलीने माझं ऐकलं नाही, ब्रेक घट्ट धरून ठेवला. गाडी सरळ रेषेत, ट्रॉलीच्या हातभर अलीकडे थांबली.

"पप्पा, थापा कायले मारून राहिले? एबीएस आहे न याच्यात! दाब-सोड गाडीच करते. मी सोडला असता तं आपण दोघंही संत्र्यात असतो!"

हसलो खरा. पण ज्या शिकवणीने मी इतकी वर्षं सुखरूप घरी आलो, तीच आज माझ्या लेकीला ट्रॉलीवर नेऊन आदळणार होती. तरी बाबांचा तो ताल चुकीचा म्हणवत नाही.

वडिलांनी मायेने दिलेलं असं काही तुम्हाला मुलांसाठी सोडून द्यावं लागलंय का?