मेंढ्यांची वंशावळ

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. ज्या सरांना हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. दोनदा त्यांना फोन लावला — दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही काही नाही बघा.

मी समाजशास्त्र शिकवतो, बीड जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मुलांना सांगतो, क्षेत्रकार्याला गेलात की जे ऐकाल ते लिहा, जे ऐकलं नाही ते लिहू नका. मुलं वहीत उतरवून घेतात. मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

मूळचा मी तलवाड्याचा. घरची काळी जमीन, चुलते राजकारणात, गावात आमच्या शब्दाला वजन. एम.ए.ला विद्यापीठात गेलो तेव्हा वर्गात बीड जिल्ह्यातले आम्ही दोघंच होतो. दुसरी वैशाली. धारूरकडची, बालाघाटाच्या डोंगरातल्या मेंढपाळाची मुलगी. पहिल्या दिवशी तिनं मला ओळखलं, मी तिला नाही.

"तुमी तलवाड्याचे ना? आमच्या मेंढ्या तुमच्याच रानात बसायच्या की!"

खरं होतं. पिकं निघाली की डोंगरातले मेंढपाळ कळप घेऊन खाली गोदाकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना मोकळ्या वावरात मेंढ्या बसवायला सांगतो. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य. वर्षानुवर्षं तिच्या वडलांचा वाडा — मेंढपाळाच्या मुक्कामाला वाडाच म्हणतात — आमच्या विहिरीजवळच्या वावरात पडायचा. माझे चुलते तिच्या वडलांना अरे-तुरे करायचे. आणि आता ती माझ्या शेजारच्या बाकावर.

तुम्हाला वाटेल, मला तेच खुपलं. नाही — निदान सुरुवातीला तरी नाही. तेव्हा मी स्वतःला फार मोठ्या मनाचा समजायचो. तिला पुस्तकं द्यायचो, नोट्स द्यायचो. देणारा मी होतो तोवर सगळं बरं होतं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध आला. आम्हा दोघांना मार्गदर्शक सर एकच. मी माझ्याच गावातल्या शेतकरी कुटुंबांवर प्रश्नावली घेऊन हिंडलो. जंगी प्रश्नावली केली होती. पण लोक काय म्हणायचे? "मालक, तुमाला वाटंल ते लिवा की, आमाला काय इचारता!" चहा मिळायचा, खुर्ची मिळायची, उत्तर मिळायचं नाही. मग मीच बसून रकाने भरले. टक्केवारी काढली, तक्ते केले. सरांनी चाळून बघितलं आणि खाली लिहिलं, 'ठीक'.

वैशालीची क्षेत्र-डायरी मी चोरून वाचायचो. विभागातल्या कपाटात सगळ्यांच्या डायऱ्या असत. तिच्या पानांच्या समासात सरांचं बारीक अक्षर नुसतं दाटलेलं — 'हे पुन्हा विचार', 'वा!', 'इथे थांबू नकोस'. माझ्या डायरीत बरोबरच्या खुणा. तुमच्या वहीत बरोबरच्या खुणा आणि दुसऱ्याच्या वहीत 'वा!' — हे कधी सोसलंय तुम्ही?

दिवाळीच्या सुट्टीत सर म्हणाले, एकमेकांचं क्षेत्र बघून या. ती तलवाड्याला येऊन गेली. मी मोटरसायकलवर धारूरला गेलो. किल्ल्याच्या पलीकडे, माळावर त्यांचा वाडा होता. कळप अजून खाली उतरायचा होता. तिथे मी सारजाआत्याला पाहिलं. वैशालीच्या वडलांची थोरली बहीण, विधवा, भावाच्याच कळपाबरोबर जन्म काढलेली. कपाळावर हात धरून ती मेंढ्यांकडे बघत होती. वैशालीनं मोबाइल काढला तशी तिनं तो हातानं बाजूला केला.

"त्यात माझं बोलणं कोंडू नकु. लिवायचं तर लिव."

मग तिनं एका काळसर मेंढीकडे बोट केलं आणि सुरू झाली. ही मोरी. मोरीच्या आजीची आई चांदी. चांदीची आई बुटकानी. बुटकानीची आई लांडग्याच्या तोंडातून सुटलेली, तिचं नाव लंगडी. लंगडीची आई… अशी ती मागे मागे जात राहिली, श्वास घ्यायला तेवढी थांबायची. नुसत्या माद्या. एडक्याचं नाव कुठे नाही. आणि प्रत्येकीबरोबर एखादी बाई यायची — बुटकानी व्याली त्या साली आत्याचा नवरा गेला. चांदीला पहिलं कोकरू झालं तेव्हा वैशाली पोटात होती. लंगडीची लेक आत्याला आईनं लग्नात दिलेली. या वाड्यावरच्या बायका लेकीला सासरी पाठवताना आपल्या मेंढीची एक पाठ देत — पाठ म्हणजे मादी कोकरू — आणि दोन्ही वंश असे जोडीनं चालत. पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वैशालीचे वडील शेजारीच काठी टेकून उभे होते. ते हसून म्हणाले, "बायांचं काय तरी चालू अस्तंय."

मी ऐकलं. अक्षर न् अक्षर ऐकलं. अंगावर काटा आला होता — तोही आठवतो.

आणि लगेच दुसरं काहीतरी आलं. हीच बाई वर्षानुवर्षं आमच्या वावरात मुक्कामाला असायची. मी लहानपणी तिच्या चुलीवरचा चहा प्यायलोय. तिनं हे सगळं माझ्या शेतात बसून म्हटलं असणार. मला कधी विचारायचं सुचलं नाही, आणि वैशालीला सुचलं. माझ्या रानातली गोष्ट तिनं नेली, असं मला वाटलं. माझ्या! बघा, हाही शब्द आलाच.

सुट्टी संपल्यावर तिनं तक्ता काढला. नातेसंबंधांच्या आकृतीत पुरुष त्रिकोणानं दाखवतात, बाई वर्तुळानं. तिच्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत सगळी वर्तुळंच. सरांनी तो तक्ता पूर्ण वर्गाला दाखवला. म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय, अशी आकृती मी पाहिलेली नाही." मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. मग संडासात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

सरांकडे पीएच.डी.ची एकच जागा होती. ती कुणाला जाणार हे त्या दिवशी वर्गातल्या शेवटच्या बाकालाही कळलं.

उन्हाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी वैशालीच्या लघुप्रबंधातलं वंशावळीचंच प्रकरण धरलं. आवाजाची नोंद नाही, सांगणारी एकच बाई, तीही घरातली — हे कल्पनेनं रचलेलं कशावरून नाही? सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

आता इथे — किती वर्षं मी हे स्वतःला असं सांगत आलो, की मी गप्प बसलो. सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भित्रेपणा झाला, माणसाकडून होतो.

पण ते खरं नाही. मी गप्प बसलो नव्हतो.

सर म्हणाले होते, "तू तिथे होतास. तू फक्त सांग, ऐकलंस का? हो म्हण, पुढचं भांडण माझं."

मी म्हणालो, "नाही सर. म्हातारी मेंढ्यांची नावं घेत होती, तेवढंच. बाकीचं… आमच्या भागात असं काही नसतं."

आमच्या भागात. माझ्या आडनावामुळे, घरामुळे, बीड म्हणजे काय ते मलाच ठाऊक, असं सर धरून चालायचे. मी ते वापरलं. आणि ते एवढ्यावर थांबले असते, पण मी थांबलो नाही. न विचारता पुढे म्हणालो, "वैशालीला जरा रंगवून सांगायची सवय आहे, सर."

सर खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचा विश्वास बसत नव्हता, हे मला दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "तो वाडा आता कुठे आहे? आपण दोघं जाऊन त्या बाईंना भेटून येऊ."

आणि मी म्हणालो, "काय सांगावं सर, हिंडती माणसं. या दिवसात कुठे असतील याचा नेम नाही."

आदल्या रविवारी मी घरी फोन केला होता. आई म्हणाली होती, मेंढ्या आल्यात, विहिरीजवळच्या वावरात बसवल्यात. सारजाआत्या त्या घडीला माझ्याच शेतात होती. सकाळच्या एसटीनं निघालो असतो तर दुपारी सर तिच्यासमोर बसले असते.

हे ते. एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी वैशालीला खरं-खोटं काही विचारलं नाही. मला वाटतं, तिला खोटं बोलताना बघायची त्यांची इच्छा नव्हती. ते प्रकरण काढून टाक, एवढंच म्हणाले. ती म्हणाली, काढणार नाही. कँटीनमध्ये मला गाठून तिनं विचारलं, "सरांनी तुला इचारलं न्हाई का?"

"विचारलं," मी म्हणालो. "मी सांगितलं, माझ्या कानांनी ऐकलंय म्हणून. पण परीक्षक बाई ऐकायला तयार नाहीत."

तिचे डोळे भरले. त्या दिवसांत ती मला पहिल्यांदाच रडताना दिसली. "मग कावून असं करायलेत सर?" ती म्हणाली. मी तिच्यासाठी चहा मागवला.

प्रकरण तसंच ठेवून तिनं प्रबंध पुन्हा दाखल केला. पास होण्यापुरते गुण पडले. जागा मला मिळाली. माझी पीएच.डी. त्याच रकान्यांवर, त्याच टक्केवारीवर झाली. ती आज कुणी वाचत नाही. वैशाली गावी परतली, लग्न झालं, अंगणवाडी सेविका झाली. तिचं वाटोळं झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की मीच पुन्हा मोठा होतो. तिचं घर आहे, दोन मुली आहेत, गावात मान आहे. फक्त जे काम ती करू शकत होती, ते झालं नाही.

तिच्या जागेवर मी बसलो, तर मत्सर संपायला हवा होता ना? नाही संपला. आजही एखादा विद्यार्थी बरं क्षेत्रकार्य घेऊन येतो, आणि 'वा!' लिहायला माझा हात आधी अडतो.

गेल्या वर्षी नारायणगडाला गेलो होतो, सहकुटुंब. दर्शन करून बाहेर येतोय तर मागून हाक आली. वैशाली. केसांत पांढरं आलेलं, शेजारी नवरा. माझ्या बायकोला तिनं जवळ घेतलं, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. झाडाखाली सावलीला बसलो. तिनं डबा उघडला, दशम्या काढल्या.

मी आत्याची चौकशी केली. करायला नको होती.

"आत्या गेली की. दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला निम्म्यापर्यंत येतंय. बुटकानीच्या मागचं काय नीट जुळत न्हाई. प्रबंधात थोडीच नावं बसली, सगळी व्हती त्या वहीत, पर ती घर बदललं तवा पावसात भिजली. आता इचारायचं कुणाला?"

मी दशमीचा तुकडा मोडला. तिनं माझ्या बायकोकडे वळून, मोठ्या कौतुकानं, सगळी हकिगत सांगितली — परीक्षा, परीक्षक बाई, सर. "आख्ख्या विद्यापीठात ह्ये एकटेच माझ्या बाजूनं बोलले," ती म्हणाली. "तेवढं एक समाधान हाय बघा."

माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर फार वेळा बघितलेली नाही. वैशालीच्या नवऱ्यानं दोन्ही हात जोडले. "सर, ही लई येळा नाव काढती तुमचं. तुमी व्हते म्हून हिला धीर ऱ्हायला."

माझ्या हातात दशमीचा तुकडा होता. चार माणसं माझ्याकडे बघत होती, माझा मुलगाही.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

आणि तो तुकडा खाल्ला.