थांबलेल्या पवनचक्कीचा नकाशा

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याहून बंगलोरला नोकरीला आले. मारतहळ्ळीत छोटं ऑफिस, काम दूरच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभारण्याचं. विमानांना दिसावी म्हणून उंच चक्कीवर तांबडा दिवा लावावा लागतो. तो लागेल की नाही हे विमान खातं उंचीच्या नकाशावरून ठरवायचं. आमचे नकाशे काढायचे बेळगावचे एक ड्राफ्ट्समन, सगळ्यांचे अण्णा. तपासून सही करायची मी.

अण्णांची साठी जवळ आली होती. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि साहेब त्यांना घरी पाठवायला निमित्तच शोधत होते. अण्णांना मात्र आणखी दोन वर्षं हवी होती, धाकटीचं शिक्षण संपेपर्यंत.

एके सकाळी खात्यातल्या अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. नकाशावर पेन्सिल टेकवून शांतपणे विचारलं, "ही चक्की फिरते ना?"

अण्णांनी चक्की नेहमीसारखी थांबलेली काढली होती. एक पातं सरळ खाली, दोन तिरकी वर. दिसायला देखणी. उंची मोजली ती तिरक्या टोकांपर्यंत. फिरताना पातं सरळ वर जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. खऱ्या उंचीला दिवा लागणार होता. आम्ही लिहिलं होतं, गरज नाही.

अधिकारी भला माणूस. अर्ज न फेटाळता दुरुस्तीला परत दिला. पण पत्राची प्रत साहेबांकडे गेलीच.

साहेबांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, "तपासलं कोणी?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "हिनं सांगितलं होतं की हो मला. मीच ऐकलं नाही."

साफ खोटं. रिक्षावाल्यांशी कडाकडा भांडणारी मी, अण्णांच्या मागोमाग केबिनबाहेर पडले.

बाहेर आल्यावर म्हटलं, "असं का केलंत अण्णा?"

"मला तसंही ठेवत नव्हते. दोघं जाण्यापेक्षा एक गेलेला बरा की."

मग त्यांनी नवा नकाशा काढला, पातं सरळ वर घेऊन. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आधी मोज, मग सही कर." मी मोजलं आणि सही केली.

महिनाअखेरीला त्यांना घरी पाठवलं. साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होती. त्या अख्ख्या महिन्यात मी ती दहा पावलं चालले नाही.