पहिल्या हाकेला ओ

सालूबाई आधी ओ द्यायच्या आणि मग हाक कुणी मारली ते बघायच्या. अकोटच्या आसपासच्या खेड्यांत तेव्हा असं कुणी करत नसे. हाक मारणारा डोळ्यांना दिसत नसेल तर पहिल्या हाकेला गप्प बसायचं, हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, जिवंत असेल तो पुन्हा मारतो. मी नवी सून म्हणून आले, तेव्हा चूल आणि विहीर दाखवतानाच सासूबाईंनी मला बजावलं होतं, "पयल्या हाकेले ओ देली का पाय आपोआप तिकडं चालतात. मंग कोनाच्या बापाले थांबत नाईत."

आम्ही माळी. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी सासूबाईंबरोबर वांगी तोडत होते. बांधावर पांढरं लुगडं नेसलेली एक सडपातळ बाई बसली होती. आमच्या विहिरीजवळच्या खोलीत राहणाऱ्या ह्याच त्या सालूबाई. बोलता बोलता त्या एकदम "ओ, आली" म्हणाल्या आणि उठून चालू लागल्या. मळ्यात चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी कळलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक बाई बाळंतपणात एकटीच अडली होती आणि सालूबाई नेमक्या वेळेवर दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना बोलवायला कुणीही आलेलं नव्हतं.

दुष्काळात आईबाप गेलेल्या सालूबाई अमरावतीच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या होत्या. तिथे त्यांचं नाव सालोमे ठेवलं, पण आमच्या गावाला ते कुठलं झेपायला. दवाखान्यातलं काम शिकून, औषधांची एक पेटी घेऊन त्या इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. हाक देवाचीच, असं त्या म्हणत, आणि सासूबाई त्यांची भारी फिरकी घ्यायच्या. "तुह्या देवाचा घसा बसला काय वं? आमाले त काईच आयकू येत नाई."

"तुमालेबी आवाज देते तो," सालूबाई म्हणायच्या, "पन तुमी वांगे मोजून राहता."

भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. "लागते ना," त्या सहज म्हणाल्या. "पन मालकानं हाक मारली आन् चाकर म्हनते, आनखी एकडाव मारून पाहा बरं, असं असते काय कुठं? कावून बोलावलं ते गेल्यावर समजते."

मग प्लेग आला. घराघरांत उंदीर पडू लागले आणि गाव उठून शेतांतल्या झोपड्यांमध्ये राहायला गेलं. जाताना सासूबाईंनाच गाठ आली आणि दोन दिवसांत त्या गेल्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नदीकाठी त्यांना अग्नी दिला. मागे गाव रिकामं उभं होतं. ऊन आत यावं म्हणून सरकारच्या हुकमानं घरांवरची कवेलू, म्हणजे कौलं, काढली होती, त्यामुळे लांबून नुसती लाकडं दिसायची. कुत्रीसुद्धा आमच्यामागे शेतात आली होती. भरदुपारी तिकडे बघवत नसे.

अशाच एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. गावाकडून हाक आली, "सुगंधाऽऽ".

सुगंधा म्हणजे मी. आवाज सासूबाईंचा होता. शेवटचं अक्षर त्या लांबवायच्या तसंच लांबवलेलं. सगळ्यांचे घास हातातच राहिले. मामाजींनी माझ्यापुढे हात आडवा धरला. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो. ती आली नाही. शेजारच्या झोपडीत सालूबाई कुणाच्या तरी गाठीवर पोटीस बांधत होत्या. त्या बाहेर आल्या, "ओ, आली" म्हणाल्या आणि वाटेला लागल्या.

"सालूबाई, थे माह्यी बायको हाय," मामाजी मागून ओरडले. "म्यां तिले ह्या हातानं अग्नी देली. जाऊ नोको."

सालूबाई थांबल्या. भीती त्यांच्याही तोंडावर दिसत होती, ती मी पाहिली. "देव कोनाच्याबी आवाजात बोलावते, दादा. मेलेल्याच्या आवाजात बोलावू नोको, असं त्याले कोन सांगन?" एवढं बोलून त्या गेल्या. गल्ली वळेपर्यंत त्यांचं पांढरं लुगडं दिसत होतं, मग तेही दिसेना.

ऊन कलल्यावर त्या गावाच्या वेशीत आल्या आणि तिथूनच ओरडून म्हणाल्या, "बाईची बडनेऱ्याची बहीन हाय घरात! काखेत गाठ हाय!" सासूबाईंची ही बहीण म्हणजे आमच्या मावशी; त्यांना बहिणीच्या मरणाचं काहीच कळलं नव्हतं. वाटेतच ताप भरला, घाबरलेल्या गाडीवानानं त्यांना वेशीबाहेर उतरवून बैल वळवले, आणि त्या कशाबशा ओळखीच्या, आमच्या रिकाम्या घरात जाऊन पडल्या. सख्ख्या बहिणी, दोघींचा आवाज अगदी सारखा; हाक मावशींचीच होती तर. मामाजी मटकन खाली बसून रडले. भीती गेली म्हणून रडले की बायको आठवून, कोण जाणे.

सालूबाईंनी मावशींना झोपड्यांकडे आणलं नाही. आम्हाला लागण होऊ नये म्हणून त्या स्वतःच तिथे राहिल्या. मी वेशीत आंबील आणि पाणी ठेवून मागे सरायची, मग त्या येऊन न्यायच्या. "वाचते का वं?" मी लांबून विचारायची. "आपुन आपलं काम करून राहिलो," त्या म्हणायच्या.

मावशींची गाठ फुटली, त्या वाचल्या. पण एक दिवस आंबील न्यायला भिंत धरत धरत मावशीच आल्या. सालूबाई तापानं पडल्या होत्या. त्यानंतर मी त्यांना जिवंत पाहिलं नाही.

त्या गेल्याचं सांगायला मावशी वेशीत आल्या. मला मळ्याच्या मातीत ठेवा, असं सालूबाई सांगून गेल्या होत्या. मामाजी खाली बघत म्हणाले, "जाळू आपुन. पुरलेलं मानूस मळ्यातून हाका मारते."

"दाजी," मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी म्यां हाक मारलीच नवती. जीभ सुजून टाळूले लागली होती. पानी मांगता येत नवतं, त हाक कशी मारीन? सालूबाईले सांगतलं म्यां. थे म्हने, मले मालूम हाय, तुमचं तोंड पाह्यलं तवाच समजलं. पानी प्या."

आमच्यातल्या प्रत्येकानं ती हाक ऐकली होती.

"पुरा तिले," मावशी म्हणाल्या. "मारू द्या हाका. मी जाईन."

मामाजींनी स्वतः फावडं घेतलं. झेंडूच्या वाफ्यांपलीकडे खड्डा खणला. त्यांच्या धर्माची प्रार्थना आम्हाला कुणालाच येत नव्हती. सालूबाई निजताना जे म्हणत, तेच मावशींनी म्हटलं, "बापा, मी इथंच हाय." मग आम्ही माती लोटली.

प्लेग ओसरला. घरांवर पुन्हा कवेलू चढली. पुढे वयानं मावशी गेल्या, मामाजीही गेले. झेंडूपलीकडच्या त्या कोपऱ्यातून कधी हाक आली नाही. येईल या भीतीनं पहिली काही वर्षं मी तिकडे पाठ करून फुलं तोडत असे. आता तिकडेच तोंड करून बसते, आणि येत नाही याचं वाईट वाटतं.