फोरमन काकांचं पुणं

फोरमन काकांना लहान मूल दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. दोन्ही तळवे त्याच्या कानांवर दाबून, डोक्याला धरून ते त्याला वर उचलायचे आणि विचारायचे, "दिसलं का पुणं?" "दिसलं!" म्हटल्याशिवाय सुटका नसे. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही मराठी घरांतली सगळी पोरं असंच पुणं पाहून मोठी झालो.

काका एकटेच राहायचे. कारखान्यात खडूस, पोरांपुढे लोणी. "गाव दाखवायला तिकीट कशाला लागतं?" म्हणायचे. आयांनाही त्यात काही वावगं वाटत नसे; उलट त्याच मुलांना पुढे ढकलत.

माझा धाकटा भाऊ नंदू चार वर्षांचा, महाहट्टी. एका रविवारी सकाळी आमच्या क्वार्टरच्या अंगणात काकांनी त्याला उचललं, तर हा हसत म्हणे, "नाही दिसलं!" काकांनी आणखी उंच धरलं. "आता?" नंदूने अंगाला हिसका दिला आणि किंचाळला. खाली ठेवला तेव्हा मान एका बाजूला कलली होती. ती सरळच होईना. लचक भरली असेल म्हणून आई तेलाची वाटी घेऊन धावली. तिने बोट लावलं मात्र, तो असा ओरडला की बाबांनी तिचा हात धरला.

दवाखान्यात फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "गर्दन की ऊपर वाली हड्डी सरक गई है. बच्चों में बहुत कम होता है. कोई हाथ नहीं लगाएगा, वरना हाथ-पैर भी जा सकते हैं."

त्या वाक्याची मला अजून धास्ती वाटते. नंदूच्या हनुवटीला पट्टा बांधून वजन लटकावलं होतं. काका पायथ्याशी बसून असायचे. "नंदू, अंगठा हलव बरं," म्हणायचे. हलला की डोळे मिटायचे आणि लगेच पुन्हा विचारायचे. बाबांनी त्यांना एका शब्दानेही दुखावलं नाही. मला मात्र त्यांचा भयंकर राग यायचा, आणि तो चेहरा पाहून रडूही यायचं.

नंदूची मान सरळ झाली. काकांनी पुन्हा कुठल्याच मुलाला हात लावला नाही.

पुढे ते निवृत्त होऊन निघाले. स्टेशनवर नंदू त्यांच्या पाया पडला. काका झटकन मागे सरकले, लांबूनच "सुखी राहा" म्हणाले आणि डब्यात चढले.

"काकांनी डोक्यावर हात का नाही ठेवला?" गाडी सुटल्यावर नंदूने विचारलं.

"ते तुला घाबरतात," मी म्हणाले.

एवढे मोठे फोरमन आपल्याला घाबरतात म्हणून स्वारी खूश! प्लॅटफॉर्मवर तो टुणटुण उड्या मारत सुटला. आणि आई, बाबा, मी, तिघेही एकदमच ओरडलो, "अरे, मान!"